माझा पेला वेगळा होता तेव्हा

ताप नाही. खोकला नाही. भूक व्यवस्थित, झोप व्यवस्थित, पाट्यावर वाटण वाटायला बसले तर हात भरून येत नाही. अशा ठणठणीत अवस्थेत मी दीड वर्ष आजारी होते.

हे लिहिते आहे ते अशाच एखाद्या बाईसाठी. तिला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं असेल की तू बरी आहेस, पण तुझ्या हातचं कुणी खायचं नाही. ती घरी येऊन चुलीसमोर उभी असेल आणि हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नसेल. औषधांचं तिचे डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

गाडी

महाडच्या एस.टी. स्टँडबाहेर माझी चहा-वड्याची गाडी. माझे पती आगारात मेकॅनिक. लग्नानंतर मुलं मोठी होईपर्यंत मी घरातच होते, मग ह्यांच्या मागे लागून गाडी टाकली. सुरुवातीला काही लोक वडा हातात घेण्याआधी आडनाव विचारायचे आणि मग भूक नसल्याचं त्यांच्या लक्षात यायचं. आम्ही तळ्याजवळच्या वाडीतले, बौद्ध. हळूहळू वड्याने आडनावावर मात केली. पोलादपूरकडून येणाऱ्या गाड्यांचे कंडक्टर बस पुरती थांबायच्या आत उडी मारून यायचे.

मी यादी करणारी बाई आहे. बाजाराची यादी, घरातल्या कामांची यादी, गाडीवर काय संपत आलं त्याची यादी. आमचे हे म्हणतात, "हिच्या मयताला काय काय लागेल तेसुद्धा ही आधीच लिहून ठेवील."

त्या पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. इंजेक्शनं झाली, केस गळले, पुन्हा आले. मी गाडीवर परतले आणि ते प्रकरण माझ्या यादीतून खोडून टाकलं.

थंडी पडायच्या सुमारास स्टँडवरचे लोक तापाने पडू लागले. दोन कंडक्टर, एक हमाल, मग फुलवाली. सगळे पुढे बरे झाले, हे आधीच सांगते. सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर स्टँडवर आले. सगळ्या गाडीवाल्यांच्या शौचाचे नमुने त्यांनी मागितले तेव्हा फार हशा झाला. शेजारी सोड्याची गाडी लावणारे बशीरभाई म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आजवर माल आम्ही विकला, आता हा माल तुम्ही फुकट न्या." नमुने मुंबईला गेले. आम्ही विसरून गेलो.

निदानाचा दिवस

"बसा, बाई."

"उभी बरी आहे. गाडी बशीरभाईंच्या भरवशावर टाकून आलेय. लवकर सांगा."

डॉक्टर हातातलं पेन नुसतं फिरवत होते. "पावसाळ्यात तुम्हाला टायफॉइड झाला होता ना?"

"आला, गेला."

"ताप गेला. जंतू गेले नाहीत. पोटात, पित्ताच्या पिशवीत राहून गेलेत. काही जणांचं होतं असं."

"म्हणजे मी आजारी आहे?"

"तुम्ही नाही. पण तुमच्या हातचं खाऊन दुसरा पडू शकतो. गाडी बंद करावी लागेल."

मी तेव्हा बसले. पण माझं डोकं कामाला लागलेलंच होतं. म्हटलं, "वडा उकळत्या तेलातून निघतो. त्यात कोण जगणार?"

"वड्यात नाही. चटणीत. चिरलेल्या कांद्यात. पाण्याचा पेला पुढे करताना बोटं बुडतात, त्यात. गाडीवर साबण आहे?"

साबण नव्हता. पाण्याची एक बादली होती. पेलेही त्यातच, हातही त्यातच. स्टँडवर सगळ्यांचं तसंच होतं.

"मग चटणीशिवाय वडा विकते," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "चटणीशिवाय तुमचा वडा घेणार कोण? मीसुद्धा नाही घेणार." बोलता बोलता ते थांबले. गेला महिनाभर आपणही तिथेच खातो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं : दुसऱ्यांसाठी रांधायचं नाही, वाढायचं नाही, पिण्याच्या पाण्यात हात घालायचा नाही, संडासाहून आल्यावर साबण. मुलांना जवळ घेतलं तर काही होत नाही, एका खोलीत झोपलं तर काही होत नाही. कॅप्सूल लांबलचक घ्यायच्या.

"आणि मी बरी कधी होणार?"

"तपासणी स्वच्छ आली की."

"कधी येणार?"

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. आजवर माझ्या कुठल्याही यादीत 'सांगता येत नाही' असा रकाना नव्हता.

मला सगळ्यांत आधी मार्च आठवला. दर मार्चमध्ये तळ्यावर मेळावा भरतो, लांबलांबून माणसं येतात. त्यांच्या वाटेवर आमच्या घराची पुढची ओटी. तिथे आम्ही पाण्याचा रांजण ठेवतो आणि पिठलं-भात देतो. सासूबाईंनी ते काम केलं आणि त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर माझ्याकडे दिलं. रांजणाशी बसून आल्यागेल्याला पाणी द्यायचं. गाडी गेली तर पगारावर भागेल, हे मी दवाखान्यातच ठरवलं. पण त्या रांजणापाशी पुन्हा बसायला मिळेल का, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. पुढची सगळी धडपड त्या एका जागेसाठी होती.

लाल ठिपका

घरी आल्याबरोबर फेरमांडणी केली. संडासाच्या दाराशी साबण. माठावर लांब दांड्याचं ओगराळं. स्वयंपाक ह्यांच्याकडे आणि सासूबाईंकडे. माझ्या पेल्याच्या बुडाला आगारातून आणलेल्या ऑइलपेंटचा लाल ठिपका लावला आणि तो खिडकीत वेगळा ठेवला. पेल्याचं डॉक्टर बोलले नव्हते. ते मीच वाढवलं. मला व्यवस्थेची हौस.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी तो पेला पाहिला.

"ह्यो काय गो इथं?"

"माझा पेला, आत्या. डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टर कुठला? कुणाच्यातला?"

"जातीचं नाय हो हे. जंतूंचं आहे."

"आमच्या येळेला बी जात कोण म्हणत नव्हता. पाणी बाटतं म्हणायचे."

आत्यांचे वडील तळ्याचं पाणी प्यायला गेलेल्यांतले. आत्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या असतील. त्या दिवशी वडील डोकं फुटून घरी आले. आईने चिंधी बांधली, आणि चिंधी बांधून होईपर्यंत ते मुलीला ओंजळ कशी धरली ते दाखवत राहिले, एवढं आत्यांना लख्ख आठवायचं. त्या बाईला मी खिडकीतला पेला समजावून सांगत होते.

त्यांनी तो उचलला आणि मागच्या दारातून केळीत भिरकावला. "माझ्या बापाचं डोकं फुटलं ते ह्या घरात येगळा पेला ठेवायला नाय. दे पाणी. तुझ्या हातानं दे."

आमचे हे मध्ये पडले. "अगं आये, औषध चालू आहे तोवर तरी..."

"तू गप रे. बायकोचा पेला येगळा ठेवतोस नि मला शिकवतोस?"

मी पाणी दिलं. आत्यांना दात नव्हते, त्यांचा ताकभात मीच हाताने मऊ कालवून द्यायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी साबणाने हात धुतले आणि कालवून दिला. तिसऱ्या दिवशीही दिला. सगळी वाडी माझ्याशी जपून बोलत होती आणि ही एक म्हातारी माझ्या हातचा घास मागत होती. मला बरं वाटलं. दुसऱ्या कुठल्याही घरात सासूने सुनेला आनंदाने चुलीपासून दूर केलं असतं. आमच्या घरात ते होऊ शकत नव्हतं.

काही आठवड्यांनी आत्या तापाने पडल्या.

खिडकीबाहेर

दवाखान्यात त्यांच्याजवळ हे राहिले. घास भरवायला, पाणी पाजायला मी चालत नव्हते. मी चादरी धुऊन आणायची आणि वॉर्डाच्या खिडकीबाहेर उभी राहायची. आत्या ग्लानीत माझं नाव घेऊन पाणी मागायच्या आणि हे त्यांच्या तोंडात चमचा घालायचे. डोळे मिटलेले असूनही त्या तोंड फिरवायच्या. पाजणारा हात कुणाचा, ते त्यांना कळत होतं.

ताप उतरला त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. केस गेले होते, डोकं एखाद्या लहान मुलीसारखं दिसत होतं.

"रडतेस काय गो? मेले नाय अजून."

"आत्या, माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं नाय. माझ्या हट्टामुळं." त्या दम खायला थांबल्या. "हट्ट खोटा नव्हता गो. जागा चुकली."

घरी आल्यावर मी केळीतला पेला शोधला. पोचा आला होता. घासून घेतला, ठिपका नव्याने लावला आणि खिडकीत ठेवला. आत्यांनी पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी पुन्हा पेला फेकला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून खरं एकटेपण सुरू झालं. मला कुणी दूर केलं नव्हतं. दूर मीच बसत होते, रोज, आठवण ठेवून. जेवताना हे म्हणायचे, "जवळ बस की." मी जवळ बसायची आणि हात मांडीखाली दाबून ठेवायची, सवयीने कुणाच्या ताटात काही वाढतील म्हणून. ह्यांच्या वरणात कधी मीठ नसायचं, कधी दोनदा पडलेलं असायचं. दोन्ही वेळा मी "छान झालंय" म्हणायची. तशी मी नाही, हे त्यांना माहीत होतं.

हे वाचणाऱ्या बाईला एक व्यवहाराची गोष्ट सांगते. काम सोडलेल्या हातांना दुसरं काम द्या. मी वाडीतल्या बायकांचे परकर-पोलकी शिवून दिली. कापडाला माझं काही लागत नव्हतं.

स्टँडवर

आगारात डबा द्यायला जावं लागायचं. डबा आत्यांनी भरलेला, मी फक्त पोचवणार, आणि तरी झाकण वरून धरायला हात कचरायचा. एकदा पानाच्या टपरीशी उभा असलेला एक गृहस्थ मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी तर पहिल्यापासून तिथं खात नव्हतो. आता पटलं ना?"

त्याला ताप आला नव्हता, हे खरं होतं. पण तो खात नव्हता ते जंतूंना भिऊन नव्हे. मला उत्तर सुचलं होतं, आणि ते मी दिलं नाही. हमाल अजून काठी धरून चालत होता. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने बोलणार?

माझ्या गाडीच्या जागेवर बशीरभाईंनी सोड्याचे रिकामे क्रेट रचून ठेवले होते. म्हटलं, "कुणी दुसरं येऊ दे, भाई. माझं काही खरं नाही."

"क्रेट बसलेत ते उठत नाय, वैनी. लय जड हायत." मग बाटली काढली. "सोडा पिता? बाटली बंद हाय, गोटी मी फोडतो. तुम्ही नुसतं तोंड उघडा."

मी उभ्यानेच प्यायले. बाटली परत घेताना त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. खाली ठेवा, असं म्हणाले नाहीत. फडक्याने पुसून धुवायच्या ढिगात टाकली. सगळ्यांच्या बाटल्या तिथेच जात होत्या.

तो मार्च

मार्च आला तरी तपासणी स्वच्छ आली नव्हती. मेळाव्याची यादी मीच केली : पातेली कुणाची, डाळीचं पीठ कोण देणार, पाणी कोण भरणार. रांजणापाशी शेजारची सून बसली. मी मागच्या पायरीवर. भाजीच्या शेंगा सोलल्या असत्या तर काही बिघडलं नसतं, त्या उकळणारच होत्या. पण कुणी दिल्या नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत.

ओटीवर माणसं येत होती, घोषणा ऐकू येत होत्या, पेल्यांचा आवाज येत होता. भिंतीपलीकडून लांबच्या गावच्या एका बाईचा आवाज आला. ती दर वर्षी यायची, मला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

"रांजणावरची बाई कुठं गेली?"

"हाय घरात. बरं नाय तिला."

"अरे रे. चांगली होती गं."

'होती' म्हणाली. मी उठून मागचं अंगण झाडायला घेतलं. ते सकाळीच झाडून झालं होतं.

मुंबईचा वॉर्ड

कॅप्सूलनी भागलं नाही. फोटो काढल्यावर पित्ताच्या पिशवीत खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, "जंतूंचं घर तेच आहे. पिशवीच काढू. खात्री देत नाही, पण शक्यता चांगली आहे."

पाऊस संपल्यावर मी मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल झाले. ह्यांना आत्यांजवळ आणि मुलांजवळ राहणं भाग होतं. ऑपरेशनच्या दिवशी येऊन गेले, बाकी मी एकटी. दिवस ठरलेला : पहाटे फरशी पुसणाऱ्या बाईचा ओरडा, मग ताप बघणं, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, दुपारी भेटीची वेळ. भेटीच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायची. आपल्या खाटेजवळ कुणी नाही हे दुसऱ्यांना दिसू नये म्हणून.

शेजारच्या खाटेवर पोलादपूरकडच्या मंजुळाबाई होत्या. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. माझं सोंग त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "उठा हो, झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा हलत नाहीत," म्हणाल्या आणि मुलाने आणलेल्या नाचणीच्या लाडवांचा डबा पुढे केला.

मी माझं सगळं त्यांना सांगून टाकलं. डबा मागे घेतील म्हणून वाट बघितली.

"तुमचं तुम्ही देऊ नका म्हणालेत ना डॉक्टर? घेऊ नका असं नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. लाडू त्यांनीच उचलून माझ्या हातावर ठेवला.

त्या माझ्याआधी घरी गेल्या. जाताना उरलेल्या लाडवांसकट डबा माझ्याकडे ठेवून गेल्या. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर निदान मूठभर तांदूळ घालतात. माझ्या हातचं भरलेलं परत करता येत नव्हतं आणि रिकामा पाठवायला मन घेईना. घरी आल्यावर तो डबा मी पेल्याशेजारी खिडकीत ठेवला. लाल ठिपक्याला सोबत झाली.

तपासण्या

त्यानंतरचे महिने नमुने पाठवण्यात आणि निकालाची वाट बघण्यात गेले. पहिला स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यावर नाचू नका." दुसरा स्वच्छ आला. मी नाचले नाही, पण पाटा धुऊन उन्हात उभा केला. शेवटचा निकाल मार्चच्या तोंडावर आला. डॉक्टरांनी कागद टेबलावर माझ्याकडे वळवून ठेवला आणि विचारलं, "गाडी कधी सुरू करताय?"

"साबण ठेवीन तेव्हा. हातांसाठी नळ लावलेली बादली पण हवी, पेल्यांची वेगळी."

"आणि चटणी?"

"चमच्यानं," मी म्हणाले.

गाडीच्याही आधी मी एक काम केलं. नाचणी भाजली, दळून आणली, गूळ किसला आणि लाडू वळले. लाडू काही एकसारखे झाले नाहीत. डबा भरून मी स्वतः पोलादपूरला गेले. मंजुळाबाईंनी दारातच झाकण उघडलं, एक लाडू तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गूळ कमी आहे." मग मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून बराच वेळ रडले. त्या खात होत्या.

मेळाव्याच्या सकाळी मी ओटीवर रांजण भरला. ओगराळं ठेवलं, बाजूला साबण आणि स्वच्छ फडकं. बसले खरी, पण वाडीतल्या बायका दुसऱ्याच कामांत गुंतल्यासारखं करत होत्या. त्यांचंही चुकलं नाही. आत्यांचा ताप त्यांनी पाहिला होता. बाहेरगावची पहिली माणसं ओटीशी आली, तहानलेली होती, आणि आमच्या बायकांचे चेहरे बघून तीही घुटमळली.

आतून आत्या काठी टेकत आल्या. डोक्यावर नवे केस आले होते, पांढरे, आखूड. सगळ्यांना बाजूला सारून त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी पेला भरायला घेतला.

"पेला नको." त्यांनी काठी बशीरभाईंच्या हातात दिली. ते सोड्याचा एक क्रेट मेळाव्यासाठी घेऊन आले होते. मग आत्या वाकल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ केली, बोटं घट्ट जुळवून, अंगठे आत, जशी त्यांना लहानपणी कुणी दाखवली होती तशी.

मी ओगराळं उचललं.

"थांब," त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्या ओटीला ऐकू जाईल असं. "साबण लावलास काय गो?"

"लावला, आत्या."

"मग घाल."